सातारी रूळ

परवा एक लग्नपत्रिका आली. शेजारच्या जाधवबाई हातात देऊन गेल्या, त्यांच्या नातीचं लग्न आहे. जाड, गुळगुळीत कागद, सोनेरी कड, उघडली की आत आणखी एक पत्रिका. मी ती वाचायच्या आधी नाकाशी धरली. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाची सवय, दुसरं काय. वास कसलाच आला नाही. आमच्या वेळच्या पत्रिकेला शाईचा वास असायचा, छपाईचे खिळे धुतलेल्या रॉकेलचा थोडा, आणि कोपऱ्यांना लावलेल्या हळदकुंकवाचा. पत्रिका हातात घेतली की बोटं पिवळी होत.

बाहेर ऊन पेटलंय. अजिंक्यताऱ्याची उतरण वाळून भाजल्यासारखी दिसते आहे आणि मंगल कार्यालयातून सकाळपासून सनईची टेप वाजते आहे. लग्नसराई आली. ह्या दिवसांत लोकांना आमरस आठवतो, पंगती आठवतात, मांडवातल्या ओळखी आठवतात. मला आमच्याच धंद्यातला भूपाल चौगुले आठवतो आणि पोटात दुखू लागतं. ह्या वयातही दुखतं. मायेची आठवण असती तर कौतुकानं सांगितली असती. ही हेव्याची आहे, म्हणून इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

आमचा छापखाना साताऱ्यात राजवाड्यामागच्या बोळात होता. वडिलांनी थाटलेला. दोन खोल्या, पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, आणि खिळ्यांचे लाकडी खण, ज्यांच्यावर हात ठेवला की डोळे मिटूनही अक्षर सापडे. साठ सालानंतरचे ते दिवस. फाल्गुन संपला की बाकावर वरबाप येऊन बसत. मजकूर दोन ओळींचा, पण निमंत्रकांची नावं तीस. कुणाचं वर, कुणाचं खाली, मामा आधी की आत्याचे यजमान आधी, ह्यावरून बाकावरच भांडणं होत आणि मी खिळ्यांची ओळ हातात धरून उभा असे. वर्षभराचं काम ह्या तीन महिन्यांत. मशीन थांबलं की वर्ष गेलं, असा हिशेब.

आणि मशीन थांबायचं ते रुळामुळे. आज कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण खिळ्यांना शाई लावणारा रूळ तेव्हा सरस आणि काकवी शिजवून करत. सरस म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरतात तो, जनावराच्या कातड्यापासून काढलेला. काकवी म्हणजे गुऱ्हाळात गूळ व्हायच्या आधीचा पाक. आदल्या दिवशी भिजवलेला सरस आणि काकवी मंद आचेवर एकजीव करायची, लोखंडी साच्याला एरंडेल चोळून त्यात ओतायची, मधे दांडा उभा करायचा. दुसऱ्या दिवशी साच्यातून तपकिरी, लवचिक, तान्ह्या मुलाच्या गालासारखा मऊ रूळ निघे. गुऱ्हाळाचा वास दोन दिवस छापखान्यात राही. रूळ दोरीनं टांगून ठेवावे लागत, नाहीतर मुंग्या चढत.

थंडीत हे रूळ कडक होत आणि उन्हाळ्यात वितळत. म्हणून फाल्गुनअखेर सगळे छापखाने सरस वाढवून नवे रूळ ओतत. तरी वैशाखातल्या दुपारी रूळ पाझरायचाच. अक्षरं फुगत, कागद रुळाला चिकटे, पत्रिकेवर काळा चिखल. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतले छापखाने दुपारी बंद असत. आमचा चालू असे. ऐन बारा वाजता, पत्रा तापलेला असताना, आमचं मशीन खटखट वाजत असे, आणि बोळातून जाणारा दुसरा कुणी छापखानेवाला क्षणभर थबकून ऐके. ते थबकणं मला फार आवडायचं.

कारण अगदी साधं होतं. वडील ओतलेला रूळ तुरटीच्या पाण्यानं पुसत. एकदा पुसायचा, सावलीत वाळवायचा, पुन्हा पुसायचा. तीन वेळा. त्यानं रुळाची वरची कांती तेवढी घट्ट होई, आत मऊच राही. एवढंच. पण हे एवढंच दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, आणि वडिलांनी ते फक्त मला सांगितलं होतं. भूपालपेक्षा माझ्याकडे जास्त असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या छापखानेवाल्यांचं एक मंडळ होतं. ते अमावास्येला भरे. त्याचं कारण असं की अमावास्येला कुणी लग्नाचा मजकूर छापायला आणत नाही आणि छापलेली पत्रिका घेऊनही जात नाही. त्या दिवशी सगळ्यांची मशीनं तशीही गप्प असत. मग दर अमावास्येला एकेकाच्या छापखान्यात जमायचं, सकाळच्या गाडीनं जायचं, पिठलंभात खायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आजूबाजूचे लोक म्हणत, ही कसली माणसं, आवसेला एकत्र जेवतात. आम्ही मंडळाच्या बैठकीलाच ‘आवस’ म्हणत असू.

आवसेचे नियम दोन. ज्याच्या घरी बैठक, त्यानं आपल्या कसबातली एक गोष्ट सगळ्यांपुढे उघडी करून दाखवायची. आणि प्रत्येकानं महिन्याभरात नासलेला एक कागद बरोबर आणायचा, उभं राहून आपलं काय चुकलं ते सांगायचं, मग तो कागद हातोहात फिरवायचा. कराडचे अण्णा आमच्यात सगळ्यांत वडील, मंडळाची वही त्यांच्याकडे असे. त्यांचा दंडक असा की बसून सांगितलेली चूक वहीत चढायची नाही. कुणी बसल्या बसल्या सुरुवात केली की अण्णा टाक खाली ठेवत आणि वाट बघत.

माझे वडील ह्या मंडळाच्या पहिल्या माणसांतले. ते गेले आणि त्यांची जागा मला मिळाली. मी वर्गणी वेळेवर देई, सभासदत्वाचा कागद चौकटीत घालून मशीनच्या वर लावला होता, आणि एकही आवस चुकवत नसे. जाऊन दाराजवळ बसायचं. माझी पाळी आली की म्हणायचं, ‘आमच्याकडे ह्या महिन्यात काही नासलं नाही.’ पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माना डोलल्या. पुढे पुढे लोक माझी पाळी येताच पानाचा डबा उघडू लागले. नासत तर माझ्याकडेही होतं. ते कागद मी बंबात घालत असे.

आणि भूपाल? भूपाल सांगलीचा, जैन शेतकऱ्याच्या घरचा, नांगर सोडून छापखान्यात आलेला. उंच, किडकिडीत, आवाज शेतातल्या माणसाचा. छापखाना हळदीच्या पेठेशेजारी. सरस शिजवायचा म्हटलं की त्याची आई ते भांडं अंगणाच्या पार टोकाला, निंबाखाली काढायला लावी; कातड्याची वस्तू घरात कशी चालेल? त्यानं मग तिथेच चूल मांडली होती. धंद्यात माझ्यापेक्षा सात वर्षांनी नवा. नासवायचा मात्र असा की बघत राहावं. एकदा वरपक्षाच्या आणि वधूपक्षाच्या पत्रिका एकमेकांत मिसळून अर्ध्या गावाला उलटी निमंत्रणं गेली. एकदा जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा उलटा बसवून दोनशे कागद छापले आणि मग चहा प्यायला बसला. एकदा पेठेतली हळदीची धूळ ओल्या शाईवर बसली, तर हा उभा राहून म्हणाला की माझ्या पत्रिका हळद लावूनच निघतात, वेगळी लावायला नको. सगळी आवस हसली. अण्णासुद्धा हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, ह्याला लाज कशी नाही?

पण मग मी बघू लागलो की त्या हसण्यानंतर काय होतं. हसून झालं की कोरेगावचा एकजण म्हणे, अरे, खिडकीला ओलं धोतर लाव. दुसरा म्हणे, कागद उभे न वाळवता आडवे वाळव. अण्णा वही मिटून त्याला जवळ बोलावत आणि फर्मा बसवायची खूण हातात हात धरून दाखवत. जतकडची गिऱ्हाईकं त्याच्याकडे पत्रिकेत चार ओळी कानडी मागायची, तर कुणीतरी आपल्याकडचे कानडी खिळेच डब्यात भरून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर त्याला पाठवले. ऐन हंगामात त्याचे खिळे अपुरे पडले की तीन गावांहून डबे येत. त्याच्या दारात एस.टी. हॉर्न वाजवून थांबे. माझ्या दारात कधी थांबली नाही. थांबेल कशी, मी कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं की आपल्याकडे नाही हे कळतं.

वर्गणी दोघांची सारखी, सतरंजी एकच, पिठलंही एकाच पातेल्यातलं. तरी तो संध्याकाळच्या गाडीनं दर वेळी काहीतरी घेऊन परते आणि मी जसा गेलो तसाच येई. दोन वर्षांत त्याची छपाई माझ्या बरोबरीला आली. चौथ्या वर्षी साताऱ्यातली एक पत्रिका मी हातात घेतली, सुबक, स्वच्छ, एकही अक्षर चेपलेलं नाही, आणि खाली बघतो तर सांगलीचा छापखाना. त्या दिवशी मी जेवलो नाही. माझी बायको सुमन, तिला म्हटलं, ह्या मंडळात काही अर्थ उरलेला नाही, नाव काढून टाकतो. ती निवडत असलेल्या तांदळावरून मान वर न करता म्हणाली, “तुम्ही मंडळात जाता का मंडळ बघायला जाता?” मला राग आला. बरोबर बोललं की मला राग येई.

तर अशा एका वर्षी फाल्गुनातली अमावास्या माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी पाडवा. दोन्ही जिल्ह्यांत नवे रूळ ओतायची हीच वेळ, आणि माझ्या घरी आवस म्हटल्यावर सगळे काय मागणार हे उघड होतं. आठ दिवस मला धड झोप नव्हती. त्या सकाळी पाहुणे यायच्या आधी मी फळीवरचा तुरटीचा खडा उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. सुमन म्हणाली, हा इथे कशाला? मी म्हटलं, पाणी गढूळ येतंय. तिनं घागरीत वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं.

एकोणीस माणसं त्या दोन खोल्यांत दाटीनं उभी होती. मी सरस दाखवला, भिजवण्याची वेळ सांगितली, काकवी खोडव्याच्या, म्हणजे दुसऱ्या फुटीच्या, उसाची का घ्यायची ते सांगितलं. सगळं खरं सांगितलं, अगदी वडिलांच्या आवाजात सांगितलं. नुकतीच नवी मापं आली होती, शेर गेला होता आणि किलो आला होता, पण वडिलांचं प्रमाण शेरातलं, म्हणून मीही शेरातच सांगितलं आणि लोक वह्यांतून लिहून घेत होते. रस साच्यात ओतला. चार दिवसांपूर्वी ओतलेला, तुरटीचा हात दिलेला रूळ मी दोरीवरून काढून दाखवला. तो हातोहात फिरला. भूपालनं त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि सगळ्यांत शेवटी परत दिला.

“दिनू, एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच,” मी म्हणालो.

“मग आमी इतकी वर्षं काय करत हुतो रं,” असं म्हणून तो हसला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या छापखान्यात माझ्याभोवती माणसं जमली होती. अण्णा म्हणाले, बापाचं नाव राखलंस. मी सगळ्यांना वाकून पान दिलं. ते गेल्यावर तुरटीचा खडा परत फळीवर ठेवला.

चैत्र त्या वर्षी नेहमीपेक्षा तापला. माझं मशीन दुपारीही चालत होतं आणि मी कान देऊन होतो. रोज वाटे, आज कुठून तरी निरोप येईल, कुणी तरी विचारील. कुणी विचारलं नाही. महिनाअखेरची अमावास्या सांगलीला, भूपालकडेच होती. त्या अंगणात हळदीची धूळ सगळ्या वस्तूंवर बसलेली, निंबाखाली त्याची ती चूल, आणि तिच्या कडेला वितळून चपटे झालेले रूळ ओळीनं ठेवलेले. मोजायची गरज नव्हती. मला पाहताक्षणी कळलं.

अण्णांनी वही उघडली. कोरेगावचा उभा राहिला. त्याच्या हातातल्या कागदावर नुसता काळा लगदा होता. तो म्हणाला की शेराचं किलोत करताना माझा घोळ झाला. विट्याचा उभा राहिला, तो म्हणाला, सरस जुना निघाला असेल, दुकानदारावर विसंबलो. इस्लामपूरचा म्हणाला, आच जास्त लागली, लक्ष नव्हतं. अण्णा स्वतः काठी टेकून उठले, आपला नासका कागद पुढे धरला आणि म्हणाले, हात थरथरतो, माप सांडलं असेल. एकामागून एक माणसं उभी राहत होती आणि माझी चूक आपापल्या नावावर सांगत होती. वहीत ती त्यांच्या नावांपुढे चढत होती. आमच्या मंडळाचा नियमच असा होता की दुसऱ्याची चूक सांगायची नाही, आपली सांगायची.

मग भूपाल उठला. त्या दिवशी तो हसत नव्हता.

“धाकट्या बहिणीचं, विमलचं लगीन हाय. आमच्या घरातलं पयलंच कार्य. म्हटलं, तिची पत्रिका दिनूच्या रुळावर छापू, म्हणून चांगला कागद राखून ठेवला हुता, तेवढाच हुता. सगळा गेला. प्रमाण बरोबर हाय. दिनूचा रूळ मी हातात धरून बघितलाय. माझ्याच हाताला काय तरी कमी पडलं.”

ती पत्रिका फिरत फिरत माझ्याकडे आली. वरचं मंगलाचरण तेवढं वाचता येत होतं. वधूवरांच्या नावांच्या जागी एक काळा ओघळ, कोपऱ्यापर्यंत गेलेला. चांगला कागद त्या काळी मिळत नसे, मिळाला तर महिना वाट पाहावी लागे, आणि लग्न दहा दिवसांवर होतं.

माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे वळले. एका शब्दाचं काम होतं. तुरटी. तो उच्चारायला मला उभं राहायला हवं होतं. मी बसल्या जागेवरून म्हणालो, “आमच्याकडे ह्या महिन्यात काही नासलं नाही.”

आणि ह्या वेळी कुणी पानाचा डबा उघडला नाही. एकोणीसच्या एकोणीस माणसं माझ्याकडे बघत राहिली, आणि ती नजर आदराची होती. काय हात आहे ह्याचा, असं त्या नजरेत होतं. भूपालच्या नजरेतही तेच होतं. ह्या एका नजरेसाठी मी सहा वर्षं दाराजवळ बसून जळत होतो. ती मिळाली तेव्हा मला ती अंगावरून झटकून टाकावीशी वाटली, पण मी तसाच बसून राहिलो.

त्या दिवशी माझ्याखेरीज कुणी परतीची गाडी पकडली नाही. कुणीतरी साधा कोरा कागद आणला, कापला, आणि छापखानेवाले भूपालच्या अंगणात मांडी घालून विमलच्या पत्रिका हातानं लिहायला बसले. माणसं आयुष्यभर उलटी अक्षरं जुळवणारी, सरळ लिहायची सवय गेलेली. अण्णांचं अक्षर सगळ्यांत वाईट होतं आणि त्यावरून हशा पिकला होता. मी म्हणालो, माझी गाडी आहे. उठताना सतरंजीवरची ती नासकी पत्रिका मी पिशवीत सरकवली. का ते तेव्हाही मला कळलं नव्हतं. बंबात घालायची सवय होती, म्हणून असेल.

पुढच्या आठवड्यात हातानं लिहिलेली एक पत्रिका मलाही टपालानं आली. भूपालच्या अक्षरात. मी लग्नाला गेलो. मंडपात कोरेगावचा पाणी देत होता, विट्याचा ताटं मांडत होता, अण्णा दारात उभे राहून लोकांचं स्वागत करत होते. सगळे आपल्याच घरचं कार्य असल्यासारखे. माझ्या लग्नात मंडळातलं कुणी वाढायला नव्हतं. तिथे, त्या मंडपात, ज्याचं कार्य मी नासवलं होतं त्याच्याच पंगतीत बसून, मला पुन्हा त्याचा हेवा वाटला. मत्सराला खरंच लाज नसते, एवढं मी स्वतःवरून सांगू शकतो.

वैशाखातली आवस कराडला अण्णांकडे होती. भूपाल दोन रूळ घेऊन आला. ऐन दुपारी ते अण्णांच्या मशीनवर चढवले आणि शंभर कागद काढले. एकही चिकटला नाही. मग तो उभा राहिला. मिरजेला कातडी कमावणारा एक म्हातारा आहे, त्याच्याकडे जाऊन बसलो, असं तो सांगू लागला. सरस कातड्याचाच, मग कातडं घट्ट करायला तू काय वापरतोस ते मला सांग, असं त्यानं म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्यानं तुरटी सांगितली. वडिलांनी मला जे कानात सांगितलं, ते ह्यानं परक्या माणसाच्या दारात बसून सरळ विचारून घेतलं होतं. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल. तो वहीकडे बघत होता.

“अण्णा, माझं नाव नका लिवू ह्यात. मूळ प्रमाण दिनूच्या वडलांचं हाय, मी नुसतं पाणी पुसलंय. सातारी रूळ म्हणून लिवा.”

अण्णांनी तसं लिहिलं. पुढे रबराचे रूळ येईपर्यंत दोन्ही जिल्ह्यांत तो सातारी रूळ म्हणूनच ओतला गेला. अनोळखी छापखानेवाले मला पोवई नाक्यावर थांबवून हात जोडत. तुमच्या रुळानं आमचा हंगाम वाचला, म्हणत. मी नमस्कार घेत असे. वडिलांचं नाव निघे आणि माझी मान खाली जाई, लोकांना तो विनय वाटे. गुपित गेलं ते गेलंच, वर उपकाराचं ओझं आलं, आणि तेही अशा माणसाचं की ज्याला आपण उपकार केला हे ठाऊक आहे का नाही तेच मला कळेना. ठाऊक होतं का त्याला? त्या दिवशी त्यानं रुळावरून दोनदा अंगठा फिरवला होता. तुरटी दिलेली कांती बोटाला किंचित ओढ लावते. मी हे इतकी वर्षं उलटसुलट करून पाहिलं आहे.

मंडळ पुढे विरत गेलं. अण्णा गेले, वही त्यांच्या घरात कुठे पडली कुणास ठाऊक. ऑफसेट आलं, संगणक आले, खिळे वजनावर गेले. भूपालची मुलं विश्रामबागेत मोठा छापखाना चालवतात. माझ्या बोळातल्या त्या खोल्यांत आता मोबाईलचं दुकान आहे. सभासदत्वाची चौकट मात्र मी घरी आणली. मागच्या पुठ्ठ्याआड विमलची ती पत्रिका आहे, हे सुमनला माहीत आहे असं मला नेहमी वाटत आलं.

काल जाधवबाईंची पत्रिका पुन्हा नाकाशी धरून मी बराच वेळ बसलो होतो. मग भिंतीवरची चौकट काढली आणि पुठ्ठ्यामागची पत्रिका पिशवीत घातली. सुमन म्हणाली, आज अमावास्या आहे, आज कुठे निघालात? मी म्हटलं, म्हणूनच. ती आत गेली आणि प्रवासात लागेल म्हणून पाण्याची बाटली घेऊन आली.

विश्रामबागेतलं घर मोठं आहे. भूपाल व्हरांड्यात आरामखुर्चीत होता. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, अंग आणखी सुकलेलं, पण आवाज तोच. मला बघून त्यानं आत हाक मारली की साताऱ्याचा दिनू आलाय, चहा टाका. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. विमलला पणतू झालाय म्हणे. मी पिशवीतून पत्रिका काढली आणि त्याच्या हातात दिली. कागद पिवळा पडलाय, ओघळ अजून काळाच आहे. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग अंगठा फिरवला.

“हा नासका कागद माझा आहे,” मी म्हणालो. “त्या दिवशी तुझ्या नावावर गेला.”

आतून कपबशांचा आवाज येत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, सापडला नाही. नवल सापडेल म्हणून पाहिलं, तेही नव्हतं. इतक्या वर्षांनी, त्याच्या व्हरांड्यात बसून, मला शेवटचा हेवा वाटला तो ह्या चेहऱ्याचा.

“आज आवस न्हाई का?” तो म्हणाला. त्यानं पत्रिका माझ्या हातात परत दिली आणि खुर्चीत सरळ होऊन बसला. “मग सांग की गड्या. पर असं बसून न्हाई. बसून सांगितलेलं वहीत चढत न्हाई.”

गुडघे दुखतात. खुर्चीचा हात धरून, हळूहळू, मी उभा राहिलो.